घरचे वायफाय शेजारी वापरत असल्यास नेमके काय करावे?

रानजाई

सर्वांना नमस्कार. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडवरील एका सोसायटीत राहतो. एका मजल्यावर सहा सदनिका आहेत आणि सगळ्यांच्या भिंती एकमेकांना लागून आहेत. गेले काही महिने संध्याकाळी सातनंतर आमचे नेट अतिशय मंद होते; यजमानांची परदेशातील सहकाऱ्यांबरोबरची मीटिंग मध्येच गोठते आणि मुलाचा ऑनलाइन वर्ग तुटतो. म्हणून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकून राउटरचे पान उघडले, तर तिथल्या यादीत आमच्या घरातील उपकरणांच्या जवळजवळ दुप्पट नावे दिसली. त्यांत एका अशा कंपनीचा टीव्ही आहे, जो आमच्याकडे कधीही नव्हता.

एका नातेवाइकाच्या सल्ल्याने वायफायचे नाव लपवले आणि अनोळखी उपकरणांचे मॅक पत्ते (प्रत्येक उपकरणाचा नेटवर्कवरील ओळखक्रमांक) ब्लॉक केले. थोडे दिवस यादी आटोपशीर राहिली, मग पुन्हा नवी नावे आली. पासवर्ड म्हणजे यजमानांचा मोबाइल क्रमांक आहे. जोडणी देणाऱ्या माणसाने तोच ठेवला होता आणि इमारतीत बहुतेकांचे असेच आहे. शेजाऱ्यांशी आमचे संबंध चांगले आहेत, आमच्या घराची एक चावीही त्यांच्याकडे असते, त्यामुळे भांडण न होता हा प्रकार कसा थांबवावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खटपट्या

कोणावरही संशय घेण्याआधी यादी नीट वाचावी, असे सुचवतो. बऱ्याच राउटरवरील मुख्य यादी ही राउटरने कोणकोणत्या उपकरणांना नेटवर्कवरील पत्ते दिले, याची नोंद असते. सकाळी येऊन गेलेल्या पाहुण्याचा फोनही त्यात रात्रीपर्यंत राहू शकतो. आत्ता या क्षणी वायफायला कोण जोडलेले आहे, याची यादी साधारणपणे वायरलेसच्या विभागात वेगळी असते, ती पाहावी. शिवाय अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक पत्ता न देता प्रत्येक नेटवर्कसाठी एक बनावट पत्ता तयार करतात, त्यामुळे एकच फोन काही वेळा दोन नावांनी दिसतो. 'ईएसपी' या अक्षरांनी सुरू होणारे नाव पाहून अनेक जण घाबरतात, पण तो बहुधा आपलाच स्मार्ट प्लग किंवा बल्ब असतो. सर्वांत सोपा उपाय म्हणजे घरातील सगळ्या उपकरणांचे वायफाय बंद करून, राउटरला केबलने जोडलेल्या लॅपटॉपवर ही दुसरी यादी पाहणे. त्यानंतरही जे उरेल ते परके.

दुसरे असे की, नेट मंद होण्याचे कारण शेजाऱ्याची चोरी नसून शेजाऱ्याचा राउटर हेही असू शकते. वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालते. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल व्यवहारात १, ६ आणि ११ असे तीनच आहेत, आणि तुमच्या मजल्यावर वर-खालचे धरून पंधरावीस राउटर तरी असतील. मीटिंगचा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर ठेवून पाहा.

रानजाई

आपण सांगितल्याप्रमाणे रात्री सगळे बंद करून पाहिले. तो टीव्ही, तीन फोन आणि एक लॅपटॉप उरले. म्हणजे शंकेला जागा नाही. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर घेतल्याने मीटिंग मात्र बरीच सुधारली, त्याबद्दल आभार.

तारायंत्र

नेटवर्कच्या क्षेत्रात बरीच वर्षे काम करत असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे वायफाय सुरक्षेची चर्चा निघाली की ती हॅकरपाशी जाते. प्रत्यक्षात शेजारी कुलूप फोडत नाही. त्याच्याकडे किल्ली असते. आपण गावाला गेलो असताना घरी आलेल्या पाहुण्याला, मुलाच्या मित्राला, शेजारच्या काकूंचे नेट एक दिवस बंद होते तेव्हा त्यांना, असा पासवर्ड कधी ना कधी दिलेला असतो. अँड्रॉइड १० नंतरच्या कोणत्याही फोनवर जोडलेल्या वायफायचा क्यूआर कोड दिसतो आणि त्या कोडच्या खाली किंवा त्याच्या आत पासवर्ड जसाच्या तसा असतो. तो ज्याने स्कॅन केला, तो पुढच्याला देऊ शकतो. फोन बदलला तरी बॅकअपमधून पासवर्ड नव्या फोनवर आपोआप येतो. त्यामुळे एकदा बाहेर गेलेला पासवर्ड परत मागता येत नाही, तो बदलावाच लागतो. तुमच्या बाबतीत तर तो मोबाइल क्रमांक आहे, म्हणजे सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असलेल्या प्रत्येकाकडे तो आधीपासूनच आहे.

आता मोबाइल क्रमांक तांत्रिकदृष्ट्याही का वाईट, ते पाहू. डब्ल्यूपीए२ या वायफाय सुरक्षेच्या प्रचलित पद्धतीत फोन राउटरला जोडला जाताना चार संदेशांची देवाणघेवाण होते. ती हवेतून कोणीही टिपू शकतो आणि मग घरी बसून, तुमच्या राउटरला कळूही न देता, एकेक पासवर्ड त्यावर लावून पाहू शकतो. हे काम जड व्हावे म्हणून प्रत्येक अंदाजाला ४०९६ फेऱ्यांची आकडेमोड करावी लागते, तरीही गेम खेळण्यासाठी घेतलेले चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला काही लाख अंदाज तपासते. भारतीय मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. सेकंदाला ४ लाख या वेगाने त्या सगळ्या तीन तासांच्या आत संपतात. याउलट लहान इंग्रजी अक्षरे आणि अंक यांतून अक्षरशः चिठ्ठ्या टाकून काढलेल्या १२ चिन्हांच्या पासवर्डला त्याच वेगाने पावणेचार लाख वर्षे लागतील. चिन्हे लक्षात राहत नसतील, तर एकमेकांशी काहीही संबंध नसलेले पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहावेत. टीव्हीच्या रिमोटने टाइप करायलाही ते सोपे जाते. अभंगाची ओळ किंवा गाण्याचा मुखडा मात्र घेऊ नये, कारण तो ओळखीचा असतो, आणि आडनावापुढे @१२३ लावणे हा तर पासवर्ड नव्हेच.

नातेवाइकांनी सुचवलेल्या दोन्ही उपायांबद्दल स्पष्टच सांगतो: त्यांनी केवळ आपला वेळ जातो. नाव लपवल्याने राउटर त्याची जाहिरात करत नाही एवढेच. ज्या फोनमध्ये ते नाव साठवलेले आहे, त्याला काहीच फरक पडत नाही, आणि असा फोन बाजारात, स्टेशनवर, सगळीकडे 'अमुक नावाचे वायफाय आहे का' असे विचारत फिरतो. मॅक पत्ता प्रत्येक संदेशाबरोबर उघडा जातो आणि वाटेल तसा बदलता येतो. शेजाऱ्याने हे मुद्दाम केले असेल असेही नाही. त्याने नेटवर्क 'विसरून' पुन्हा जोडले किंवा सेटिंगमध्ये खऱ्या आणि बनावट पत्त्यात अदलाबदल केली, तरी तुमच्या यादीला तो नवाच फोन वाटतो. नवी नावे उगवण्याचे कारण हेच असावे.

प्रत्यक्ष काय करावे? प्रथम राउटरच्या पानाचा स्वतःचा पासवर्ड बदला. तो अनेक घरांत राउटरवर छापलेला किंवा 'अ‍ॅडमिन' हाच असतो, आणि जो वायफायवर आला आहे तो ते पानही उघडू शकतो. तिथून तो तुमचा नवा पासवर्ड वाचेल. मग डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिन देऊन उपकरण जोडण्याची सोय, बंद करा. त्यातील आठ अंकी पिनचा शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो, उरलेले सात अंक राउटर चार आणि तीन अशा दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे एक कोटीऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत पिन सापडतो. ही त्रुटी डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झाली, तरी जुन्या राउटरवर हा पर्याय अजून चालू असतो, आणि पिनवरून पासवर्ड मिळत असल्याने तुम्ही पासवर्ड कितीही कठीण ठेवलात तरी तो मागच्या दाराने हाती लागतो. त्यानंतर सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए३ किंवा निदान डब्ल्यूपीए२ एईएस ठेवा आणि मगच नवा पासवर्ड द्या. यादीत डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत दिसत असेल तर त्याकडे पाहूही नका. २००१ मध्येच त्याचा पाया ढासळला आहे.

डब्ल्यूपीए३ बद्दल एक खुलासा. २०१८ मध्ये आलेल्या या पद्धतीत हवेतून टिपलेल्या संदेशांवर घरी बसून अंदाज लावता येत नाहीत. प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी प्रत्यक्ष बोलावे लागते. परंतु बहुतेक घरांत जुन्या उपकरणांसाठी डब्ल्यूपीए२ आणि ३ असा मिश्र पर्याय ठेवावा लागतो, आणि मिश्र असेपर्यंत डब्ल्यूपीए२ ची उणीव शिल्लक राहते. म्हणून पासवर्ड लांबच हवा.

निशिगंध

तांत्रिक माहिती उत्तम आहे, पण मला मूळ दृष्टिकोनच थोडा खटकतो. शेजाऱ्यांकडे घराची चावी चालते आणि वायफाय चालत नाही? आमच्या वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी दोन मुले भाड्याने राहतात, त्यांना मी स्वतःहून पासवर्ड दिला आहे. आजकालच्या 'अमर्यादित' योजनांत महिन्याला ३३०० जीबीपर्यंत पूर्ण वेग मिळतो. आपण चौघे मिळून त्याच्या निम्मेही वापरत नाही.

कायदेपंडिता

निशिगंध, आपली भावना चांगली आहे, पण प्रश्न उरलेल्या जीबींचा नाही. तुमच्या जोडणीवरून जे काही होईल, ते बाहेरच्या जगाला तुमच्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरील तुमच्या जोडणीच्या क्रमांकावरून) झालेले दिसते आणि तपास यंत्रणा प्रथम तुमच्या दारात येते. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. त्याचा माग नवी मुंबईत सानपाडा येथील एका अमेरिकी नागरिकाच्या सदनिकेतील वायफायपर्यंत लागला. एटीएसने त्यांची चौकशी केली, संगणक ताब्यात घेतले. कटाशी त्यांचा संबंध नसल्याचे पुढे स्पष्ट झाले, पण तोवर त्यांचे नाव देशभर झाले होते. त्यानंतर जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांची पथके लॅपटॉप घेऊन शहरात उघडी वायफाय शोधत फिरत होती आणि पुढच्याच महिन्यात दूरसंचार विभागाने सेवा पुरवठादारांना ग्राहकांची वायफाय जोडणी सुरक्षित करण्याबाबत सूचना काढल्या.

वापरणाऱ्याच्या बाजूनेही कायदा स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणक नेटवर्कमध्ये शिरणे नुकसानभरपाईस पात्र आहे. तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरण्यासाठी कलम ६६क वेगळे आहे. इथे 'क' म्हणजे इंग्रजी सी. कोणी गल्लत करू नये म्हणून लिहिले. अर्थात, ज्याला पासवर्ड आपणच दिला, त्याच्याविरुद्ध यांतले काही टिकवणे सोपे नाही. रानजाई यांनी पोलिसांत जावे असे मला मुळीच सुचवायचे नाही. पासवर्ड बदलण्याने जे पाच मिनिटांत होते, त्यासाठी सायबर शाखेचा उंबरा झिजवू नये.

ऱ्हाइनकाठचा

जर्मनीतील अनुभव जोडतो, कारण इथे येणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना हे कोणी सांगत नाही. इथे खाजगी वायफाय पुरेसे सुरक्षित न ठेवणाऱ्या घरमालकाला इतरांनी केलेल्या बेकायदा डाउनलोडसाठी वकिलांच्या नोटिसा येत असत. १२ मे २०१० रोजी इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने असे ठरवले की, राउटर घेतला त्या वेळी प्रचलित असलेली सुरक्षा वापरणे ही खाजगी वायफायधारकाची जबाबदारी आहे. मात्र नोटिशीच्या खर्चापलीकडे त्याच्याकडून नुकसानभरपाई घेता येणार नाही. २०१७ मध्ये कायदा बदलून ही जबाबदारी बरीच हलकी केली गेली. तरीसुद्धा इथे पाहुण्याला मुख्य पासवर्ड देण्याची पद्धत नाही. पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय असते आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही.

निशिगंध

कायदेपंडिता, सानपाड्याचे उदाहरण विसरले होते. मुलांना नेट देणे बंद करणार नाही, पण वेगळ्या वायफायवर ठेवता येत असेल तर तसे करीन. ते नेमके काय असते?

तारायंत्र

गेस्ट नेटवर्क म्हणजे त्याच राउटरवरून दुसऱ्या नावाने आणि दुसऱ्या पासवर्डने चालणारे वायफाय. त्यावरील उपकरणांना इंटरनेट मिळते, पण घरातील लॅपटॉप, प्रिंटर, कॅमेरे दिसत नाहीत. बऱ्याच राउटरवर त्याची वेगमर्यादा ठरवता येते, काहींवर वेळही. मात्र चालू केल्यावर गेस्टला जोडलेल्या फोनवरून १९२.१६८.१.१ उघडून पाहा. स्वस्त राउटरवर ते पान तिथूनही उघडते. कायदेपंडिता यांचा मुद्दा मात्र इथेही तसाच राहतो: गेस्ट वेगळे असले तरी बाहेरचा आयपी पत्ता तुमचाच असतो. म्हणून ज्यांची खात्री आहे त्यांनाच द्यावे. गेस्टचा पासवर्ड अधूनमधून बदलावा. घरातील एकही उपकरण त्यामुळे अडत नाही, हाच त्याचा मोठा फायदा.

रानजाई

दोन अडचणी आहेत. आमच्याकडे एक जुना प्रिंटर आणि काही स्मार्ट प्लग आहेत. ते नव्या पासवर्डने जोडायचे म्हणजे प्रत्येकाचे बटण दाबून धरून अ‍ॅपमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दुसरे म्हणजे, नुसता पासवर्ड बदलला की शेजाऱ्यांच्या टीव्हीवर 'पासवर्ड चुकीचा' असे येईल आणि ते नवा विचारायला येतील. तेव्हा नाही म्हणणे अवघड.

खटपट्या

प्लगसाठी एक युक्ती सुचते. मुख्य वायफायला नवे नाव आणि नवा पासवर्ड द्या, आणि जुने नाव व जुना पासवर्ड गेस्टला द्या. प्लग आणि प्रिंटर आपोआप गेस्टवर येतील.

तारायंत्र

युक्ती एरवी चांगली आहे, पण इथे नको. प्लगबरोबर तो टीव्ही आणि तिघांचे फोनही आपोआप गेस्टवर येतील, कारण त्यांच्याकडेही तेच नाव आणि तोच मोबाइल क्रमांक आहे. शिवाय गेस्टवर गेलेला प्रिंटर घरच्या लॅपटॉपला दिसणार नाही. प्लग पुन्हा जोडण्याला पर्याय नाही. एका रविवारी दुपारी बसून ते उरकावे.

नाव बदलण्याचा भाग मात्र जरूर घ्यावा. केवळ पासवर्ड बदलला तर शेजाऱ्याला ते आपल्याविरुद्ध उचललेले पाऊल वाटते. नावही बदलले तर त्याच्या टीव्हीला ते जुने वायफाय सापडतच नाही, चुकीच्या पासवर्डचा संदेशही येत नाही. नव्या नावात आडनाव, सदनिका क्रमांक किंवा राउटरचे मॉडेल घालू नये. कोणी विचारलेच तर 'ऑफिसने वायफाय बदलायला सांगितले, बाहेरच्यांना देता येत नाही' हे उत्तर पुरते, आणि घरून काम करणाऱ्याच्या बाबतीत ते बऱ्याचदा खरेही असते.

निशिगंध

किंवा सरळ सांगावे की, आमचे काम अडते. काकू समजून घेतील. आपण यंत्राशी जितके बोलतो, तितके शेजाऱ्याशी बोललो तर असे अर्धे चर्चेचे धागे निघणारच नाहीत.

कायदेपंडिता

सहमत, फक्त आधी पासवर्ड बदलून मग बोलावे.

सोनटक्का

आमच्याकडे हे सर्व करूनही जुना पासवर्ड पुन्हा चालू झाला होता. नेट बंद पडले म्हणून कंपनीच्या माणसाला बोलावले, त्याने राउटरमागच्या भोकात पिन घालून रीसेट केले आणि जाताना मोबाइल क्रमांकच पासवर्ड ठेवून गेला.

तारायंत्र

हे सर्रास होते. रीसेट केल्यावर डब्ल्यूपीएसही पुन्हा चालू झालेले असू शकते. यावर चांगला उपाय म्हणजे कंपनीच्या खोक्यावरील (कंपनीने दिलेल्या राउटरवरील) वायफाय बंद करून घ्यावे आणि त्याला केबलने आपला स्वतःचा राउटर जोडावा. मग कंपनीच्या माणसाचा संबंध फक्त खोक्याशी राहतो. मात्र रीसेटनंतर खोक्याचे वायफायही चालू होते, तेव्हा तो गेल्यावर फोनवर एकदा नावांची यादी पाहावी.

रानजाई

राउटरचे पान, डब्ल्यूपीएस, नाव आणि पासवर्ड, सगळे बदलले. अनोळखी यादी रिकामी झाली. पण आतल्या खोलीत वायफाय पोहोचावे म्हणून लावलेला एक जुना रिपीटर आहे, तो नव्या वायफायला जोडल्यावर तो टीव्ही परत दिसू लागला. असे कसे?

तारायंत्र

रिपीटर मुख्य राउटरकडून नेट घेताना नवा पासवर्ड वापरतो, पण स्वतः जे वायफाय पसरवतो त्याचे नाव आणि पासवर्ड अनेक मॉडेलवर वेगळे साठवलेले असतात. तुमच्या रिपीटरने आपले जुने नाव आणि जुना मोबाइल क्रमांक तसाच ठेवला असणार, त्यामुळे शेजाऱ्यांचा टीव्ही त्याच्यामार्फत येतो. रिपीटरचे पान उघडा. त्याचा पत्ता मुख्य राउटरच्या यादीत मिळेल. तिथे 'विस्तारित नेटवर्क' अशा अर्थाच्या विभागात नवे नाव व नवा पासवर्ड द्या आणि त्याच्यावरील डब्ल्यूपीएसही बंद करा. जुन्या मॉडेलमध्ये ते बंद करण्याची सोय नसेल तर रिपीटर काढून टाका आणि त्या खोलीपर्यंत केबल ओढून घ्या.